मस्कीसाठी ग्लाइड बेट : जून ते नोव्हेंबरच्या वापरानंतरचा अनुभव

मस्की म्हणजे उत्तर अमेरिकेतला गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा. तिच्यासाठी ग्लाइड बेट, म्हणजे दोरी सैल सोडली की आडवं सरकणारं कृत्रिम आमिष, घ्यायचं असेल तर रंगाकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी ते पाण्यात सोडा, दोरी सैल करा आणि ते काय करतं ते बघा. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात जूनच्या पहिल्या शनिवारी मस्कीचा मोसम उघडतो. तेव्हापासून तलावांच्या कडेला बर्फ धरेपर्यंत मी मुख्यतः हीच आमिषं फेकली. ग्लाइड बेटचं खरं काम दोरी सैल सोडल्यावर सुरू होतं, असं माझं पक्कं मत झालं आहे.

गावाकडे मरळीसाठी रबरी बेडूक फेकणाऱ्यांना पाणी फोडून येणारा हल्ला ओळखीचा असेल. मस्की तशी लगेच तुटून पडत नाही. आमिषाच्या मागे मागे होडीपर्यंत येते, बघते आणि खाली निघून जाते. इथले लोक तिला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात, ते याच स्वभावामुळे. सरळ रेषेत येणाऱ्या आमिषामागे ती सरळ रेषेतच पोहत राहते. ग्लाइड बेट मध्येच आडवं सरकतं, अख्खी बाजू दाखवतं आणि क्षणभर थांबतं. मागून येणाऱ्या माशासमोर अचानक आडवं भक्ष्य येतं आणि त्याला ठरवावंच लागतं. माझ्याकडचे बहुतेक हल्ले याच थांब्यात झाले.

दुकानात या नावाखाली दोन निराळे प्रकार मिळतात. एक अखंड, चपट्या अंगाचं. हा मस्कीवाल्यांचा जुना प्रकार. दुसरं मधोमध बिजागरी असलेलं दोन तुकड्यांचं, जे बास नावाच्या माशाच्या मासेमारीतून आणि जपानी कारागिरीतून इकडे आलं. अखंड प्रकारातली हेलहाउंड आणि फँटम सॉफ्टेल ही दोन मी सर्वाधिक वापरली. दोन्ही प्लास्टिकची. सॉफ्टेलची मऊ शेपटी बदलता येते आणि थांब्यातही ती किंचित हलत राहते. नवशिक्याने हेलहाउंडपासून सुरुवात करावी, कारण हलक्या टिचकीलाही ते चांगलं दूर सरकतं आणि हाताला ताल लवकर सापडतो.

हा ताल नीट समजून घेण्यासारखा आहे. रॉडचं टोक खाली, पाण्याकडे. मनगटाने छोटी टिचकी, आणि टिचकी संपायच्या आतच टोक परत आमिषाकडे, म्हणजे दोरी सैल. रीलचा दांडा फक्त उरलेली दोरी गोळा करण्यापुरता फिरवायचा. दोरी ताठ राहिली तर आमिषाचं नाक ओढलं जातं आणि ते सरकण्याऐवजी सरळ पुढे येतं. जोर लावून काही मिळत नाही. जोरात हिसका दिला की ते उलटं वळून स्वतःच्याच लीडरमध्ये, म्हणजे दोरी आणि आमिष यांच्या मधल्या मजबूत तुकड्यात, अडकतं.

लीडरबद्दल सविस्तर लिहितो, कारण आमिषाइतकाच फरक त्यामुळे पडतो. मस्कीचे दात साधी दोरी सहज कापतात, म्हणून लीडर हवाच. पण पिळाच्या तारेचा लवचीक लीडर सैल दोरीवर दुमडतो आणि पुढच्या गळात गुंततो. ग्लाइड बेटला एकेरी, ताठ तारेचा फूटभर लीडर सर्वांत चांगला. नितळ पाण्यात १३० पौंड ताण सोसणारा फ्लुरोकार्बनचा पारदर्शक दोराही चालतो, तो बऱ्यापैकी ताठ असतो. पुढची कडी आणि स्नॅप (आमिष अडकवायची क्लिप) मजबूत हवेत, पण उगाच अवजड नकोत. हळू बुडणाऱ्या आमिषाचं नाक त्या वजनाने खाली झुकतं आणि सरकणं बिघडतं. बाकी साहित्यात ८० पौंडी ब्रेडेड दोरी आणि आठ फुटांच्या आसपासचा, टोकाला चपळ असा रॉड. मोठ्या फिरकीच्या आमिषांसाठी लोक नऊ-दहा फुटी रॉड घेतात. पण ग्लाइड बेटला खाली टिचकी मारताना एवढा लांब रॉड पाण्याला लागतो आणि संध्याकाळपर्यंत मनगट भरून येतं.

विकत घेतल्यावर पहिली चाचणी होडीच्या कडेला करा. आमिष पाण्यात सोडा आणि बुडताना बघा. आडवं, सपाट बुडायला हवं. नाकावर किंवा शेपटीवर बुडत असेल तर गळ बदलून किंवा पोटाला शिशाची पातळ चिकटपट्टी लावून तोल साधता येतो. एक नंबर मोठा गळ लावला तरी बुडण्याचा वेग बदलतो, म्हणून बोथट गळ बदलताना त्याच मापाचा आणि शक्यतो त्याच वजनाचा घ्या.

थंडीत याला आणखी एक पैलू येतो. पाणी सर्वांत घन, म्हणजे तेवढ्याच जागेत सर्वांत जड, असतं ते ४ अंश सेल्सियसला. जुलैत हळूहळू बुडणारं आमिष ऑक्टोबरच्या शेवटी जवळजवळ जागच्या जागी तरंगतं. ही मला देणगीच वाटते. मिल लॅक्स तलावावर शरदात टुलीबी मासे अंडी घालायला उथळ खडकांवर येतात आणि त्यांच्यामागे मस्की. त्या खडकांच्या डोक्यावर आमिष तीन-चार सेकंद न बुडता उभं ठेवता येणं याला तोड नाही. थांबा लांबवला की टिचकीही मऊ करायची. हल्ला जाणवेलच असं नाही; कधी नुसती दोरी बाजूला जाते, कधी आमिषाचं वजनच नाहीसं होतं. शंका आली की झटका द्या.

उन्हाळ्यात मात्र मत इतकं चांगलं नाही. पाणवनस्पतींचे दाट पट्टे असतील तर उघडे गळ दर फेकीला हिरवळ घेऊन येतात. मोठं पाणी पटापट धुंडाळायचं असेल तर फिरकी आमिष किती तरी वेगाने काम करतं. मी आधी फिरकीने मासा शोधतो; मागे येऊन परतलेल्या माशाच्या जागी तासाभराने परत जातो आणि तेव्हा ग्लाइड बेट काढतो.

फेक संपताना मागे आलेल्या माशासाठी आमिष होडीजवळ पाण्यात इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवतात; त्यात अखंड ग्लाइड बेट कमी पडतं. सलग ओढलं की ते लाकडाच्या ढलपीसारखं निर्जीव फिरतं. म्हणून वळण मोठं घ्यायचं आणि वळणाच्या टोकाला दोरी किंचित सैल करून त्याला बाहेर सरकू द्यायचं. इथे बिजागरीवालं सरस ठरतं, सलग ओढीतही नागमोडी चालतं. पण त्यातली जपानी नामांकित आमिषं शंभर डॉलरच्या पुढे जातात, तर अखंड प्लास्टिकची तीस डॉलरच्या आसपास मिळतात. फक्त या एका फायद्यासाठी मी तेवढा खर्च सुचवणार नाही.

टिकाऊपणात प्लास्टिक पुढे. माझ्याकडचं एक हाताने बनवलेलं लाकडी आमिष सरकण्यात सर्वांत सुंदर होतं, पण दातांनी वरचा इपॉक्सीचा थर फुटला, लाकडात पाणी शिरलं आणि तोल गेला. वाळवून पुन्हा थर दिल्यावरही पूर्वीची चाल आली नाही. प्लास्टिकवर ओरखडे येतात, रंग उडतो. मासे त्याची पर्वा करत नाहीत. रंग मी दोनच ठेवले आहेत, नितळ पाण्याला चंदेरी आणि गढूळ पाण्याला नारिंगी पोटाचा काळा.

आणि हे मनापासून: आमिषाआधी मोठी जाळी, लांब पक्कड आणि गळ कापणारी मजबूत कटर घ्या. ग्लाइड बेटवर मासा आडवा येतो, त्यामुळे दुसरा ट्रेबल (तीन टोकांचा गळ) पुष्कळदा गालावर किंवा कल्ल्याजवळ रुततो. तो ओढत बसू नका, पाण्यातच कापा. दोन डॉलरचा गळ गेला तर जाऊ दे. पन्नास इंची मादी व्हायला पंधरा वर्षं सहज लागतात. मिनेसोटात बहुतेक पाण्यांत ५४ इंचांखालची मस्की ठेवताच येत नाही, आणि त्यावरचीही जवळजवळ सगळे सोडूनच देतात. गळाच्या टोकांजवळचे उलटे काटे पक्कडीने दाबून टाकले तर सोडवणं आणखी सोपं जातं. दोरी ताठ ठेवली तर मासा त्यामुळे सुटत नाही. पाण्याचं तापमान ८० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की मस्कीसाठी गळ टाकूच नका. दमलेला मासा तेव्हा पोहत गेलेला दिसतो, पण नंतर मरू शकतो.

पुढच्या मोसमासाठी मी हेलहाउंडचं आणखी एक घेणार आहे. त्याच्या पोटाला कायमचं जास्त शिसं लावून व्हर्मिलियन तलावाच्या खोल खडकांसाठी ठेवीन, म्हणजे पाण्यावर असताना पट्ट्या लावत-काढत बसावं लागणार नाही.