महाराष्ट्राचे लाकडी जिल्हा-पझल: नकाशापेक्षा खाचा अधिक शिकवतात

चौथीतील मुलीसाठी दादर पश्चिमेच्या एका खेळण्यांच्या दुकानातून आम्ही 850 रुपयांना महाराष्ट्राचे लाकडी पझल घेतले, त्याला आता चार महिने होत आले. शाळेत नकाशा भरण्याचे काम सुरू झाले होते आणि स्टेशनरीच्या दुकानातून रोज एक ‘राजकीय’ व एक ‘प्राकृतिक’ कोरा नकाशा आणून त्यात जिल्ह्यांची नावे कोंबण्यापलीकडे तिची प्रगती होत नव्हती. त्यामुळे हाताने उचलता येईल असा जिल्हा तिच्यापुढे ठेवावा, एवढाच खरेदीमागचा हेतू होता.

फळा सुमारे 45 सेंटीमीटर रुंद आहे, तुकडे एमडीएफचे असून कडा व्यवस्थित घासलेल्या आहेत आणि रंग अजून उडालेला नाही. डब्यावर 36 तुकडे असल्याचे छापले आहे, आत मात्र 35 निघतात, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांचा एकच तुकडा केलेला आहे. ‘आपला जिल्हा कुठे आहे?’ हा मुंबईतील मुलाचा पहिलाच प्रश्न असतो, आणि नेमके तिथेच हे पझल चुकीचे उत्तर देते. उपनगर जिल्हा 1990 पासून वेगळा आहे, हे छापणाऱ्याला ठाऊक नसेल असे वाटत नाही. अडचण आकाराची असावी.

ती अडचण किती खरी आहे, हे आम्ही मोजून पाहिले. फळ्यावर रेषाप्रमाण दिलेले नाही, उत्तर दिशेचा बाण नाही आणि सूचीही नाही. नकाशा म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ही उणीव मला सर्वांत गंभीर वाटते. मग प्रमाण आम्हीच काढले. मुंबई ते नागपूर सरळ अंतर सुमारे 700 किलोमीटर आहे, दोरी ताणून मोजल्यावर फळ्यावर ते 35 सेंटीमीटर भरले, म्हणजे 1 सेंटीमीटर बरोबर 20 किलोमीटर. या हिशेबाने 157 चौरस किलोमीटरच्या मुंबई शहर जिल्ह्याला फळ्यावर अर्धा चौरस सेंटीमीटरही जागा मिळत नाही, तर राज्यात क्षेत्रफळाने सर्वांत मोठा असलेला अहिल्यानगर जिल्हा सुमारे 43 चौरस सेंटीमीटर व्यापतो. रेल्वेने नागपूर 837 किलोमीटर का, असे मुलीने विचारले, तेव्हा तीच दोरी कसारा घाटातून इगतपुरी, मनमाड, जळगाव, भुसावळ, बडनेरा, वर्धा अशी वळवून ठेवली. दोरी अर्थातच कमी पडली.

रंग प्रशासकीय विभागांप्रमाणे सहा आहेत: कोकण, नाशिक, पुणे, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर. शाळेतील उत्तरासाठी हे ठीक आहे, परंतु त्यामुळे विदर्भ दोन रंगांत विभागला जातो आणि खानदेश वेगळा दिसतच नाही. मुलीच्या आजीला तर तिचे जळगाव ‘नाशिकच्या रंगात’ पाहून राग आला. नावांच्या बाबतीत धाराशिव बरोबर आहे, अहमदनगरवर मात्र दुकानदाराने अहिल्यानगरची चिकटपट्टी लावून दिली. ती आता एका कोपऱ्यातून सुटू लागली आहे.

इतके दोष सांगूनही मी हे पझल परत केले नाही, याचे कारण त्याच्या खाचा. रायगड आणि पुणे हे तुकडे शेजारी बसवले की त्यांच्यामध्ये जी वेडीवाकडी फट उरते, ती बहुतांशी सह्याद्रीची धार आहे, आणि दक्षिणेकडे रत्नागिरी-सातारा, सिंधुदुर्ग-कोल्हापूर अशी ती पुढे जाते. फळ्यावर उठाव नाही, उंचीचा एकही रंग नाही, तरी त्या फटीवरून बोट फिरवताना कोकण खाली आणि देश वर, हे मुलीला प्रथमच समजले. नाशिककडे मात्र हा नियम लागू होत नाही, कारण पेठ आणि सुरगाणा हे तालुके नाशिक जिल्ह्यात असले तरी त्यांचे पाणी पश्चिमेला वाहते, आणि ही विसंगती समजावण्यात आमची एक संध्याकाळ गेली. तशीच अहिल्यानगर व छत्रपती संभाजीनगर यांच्यामधली आणि पुढे जालना-बीडमधली फट बऱ्याच अंतरापर्यंत गोदावरीची आहे. आम्ही निळी लोकर त्र्यंबकेश्वरापासून अंथरली. तेथून अरबी समुद्र अवघा 80 किलोमीटर, म्हणजे फळ्यावर 4 सेंटीमीटर, तरीही लोकर उलट्या दिशेने नाशिक, परभणी, नांदेड करीत राज्याबाहेर जाते. 1,465 किलोमीटरची ही नदी बंगालच्या उपसागराला का मिळते, याचे उत्तर पठाराच्या पूर्वेकडील उतारात आहे. फळ्याखाली पश्चिमेच्या बाजूला एक वही सरकवून तो उतार दाखवता आला.

ज्यांना मुलाने एकट्याने बसून भूगोल शिकावा असे वाटते, त्यांनी हे घेऊ नये. तुकडे जागेवर बसवणे आठवड्याभरात पाठ होते आणि नंतर डबा कपाटावर जातो. शेजारी कोणीतरी दोरी, फूटपट्टी आणि राज्याचा साधा प्राकृतिक नकाशा घेऊन बसणार असेल, तर किंमत वसूल होते. सहा वर्षांखालील मुलांच्या हाती देऊ नये, कारण मुंबईचा तुकडा तोंडात सहज जाईल इतका लहान आहे.

आमचा तो तुकडा दुसऱ्याच महिन्यात हरवला. सुटा तुकडा मिळत नाही, असे दुकानदाराने सांगितले. शेवटी वहीच्या पुठ्ठ्यावर जागेचा आकार काढून आम्ही नवा तुकडा केला, आणि मुलीने कात्रीने तो माहीम-शीवच्या अंदाजाने कापून त्याचे शहर व उपनगर असे दोन जिल्हे केले. आता डब्यात 36 तुकडे आहेत.