साध्या एनसीत दलालानं 85,000 रुपये नेले

पैसे गेले त्याचा संताप आहेच. पण ते गेले कशावर? एका एनसीवर, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याच्या नोंदीवर!

परभणीकडचं आमचं गाव. बांधावरून भावकीत भांडण झालं, पुतण्यानं समोरच्याला दोन ठेवून दिल्या. तक्रार झाली, भारतीय न्याय संहितेची (बीएनएस) कलमं 115(2), 351(2), 352: मारहाण, धमकी, अपमान. म्हणजे आयपीसीची जुनी 323, 506, 504च, 1 जुलै 2024 पासून आकडे बदललेत. कोर्टाच्या आवारात 'वकीलसाहेबांचा माणूस' म्हणवणाऱ्या एकानं मला गाठलं. पुढचं तुम्हाला सांगायला नको. "काका, रात्रीतून उचलतील पोराला. अटकपूर्व जामीन करावा लागंल. इथं नाही झालं तर संभाजीनगरला, खंडपीठात." वकीलपत्राचे 20,000, 'साहेबांचे' 50,000, खंडपीठाच्या खर्चाचे 15,000. सोयाबीनची पट्टी नुकतीच झाली होती, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे. पावती एकाचीही नाही.

हसू नका. पोरगं पोलीस भरतीची तयारी करतंय. चारित्र्य पडताळणीत नाव निघालं तर सगळं मातीत, एवढंच डोक्यात होतं, आणि त्यानं बोट नेमकं तिथंच ठेवलं. अशा वेळी कलमांची पुस्तकं कोण उघडून बसतं?

डोकं फुटायची वेळ येते ती 50,000 मोजतानाची आठवण आली की. तक्रारीचा फोटो समोरच्यांनी गावच्या ग्रुपवर मिरवायला टाकला होता, तो मी त्याला दाखवला. वर स्पष्ट लिहिलेलं, 'अदखलपात्र'. त्यानं मोबाईल उलटा ठेवला. "हे ठाण्याचं रूटीन असतं काका, खरा एफआयआर वर गेलाय." तिथंच नंबर मागायला हवा होता. खरा एफआयआर असता तर त्याला गुन्हा रजिस्टर नंबर असताच. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर 24 तासांत ऑनलाइन टाकायचा, असं सुप्रीम कोर्टानं 2016 लाच सांगितलंय. महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर फुकट दिसतो.

खऱ्या वकिलानं कागद पाहून दोन मिनिटांत सांगितलं: एनसीत पोलिसांना वॉरंटशिवाय अटक करता येत नाही, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपाससुद्धा नाही. बीएनएसएस, म्हणजे नवी फौजदारी प्रक्रिया संहिता, कलम 174.

मग ठाण्यात गेलो. "तुम्ही पैसे दिलेच कशाला? देवाणघेवाणीचा मामला आहे, दिवाणी कोर्टात जा." ही देवाणघेवाण? बीएनएस 318(4) ची फसवणूक आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा, दखलपात्र! दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिली की एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाचा ललिता कुमारी निकाल 2013 चा आहे. दोन थपडांची नोंद त्याच दिवशी होते, 85,000 चा नुसता अर्ज. वरून "साहेबांचे म्हणून दिले ना? मग लाच दिल्याचा गुन्हा तुमच्यावरच होईल" ही धमकी. वकील संघात गेलो तर म्हणे, तो आमचा सभासद नाही. सभासद नाही म्हणूनच तर आलो ना! कोर्टातल्या दलालांच्या याद्या लावायची तरतूद 2023 च्या दुरुस्तीनं वकील कायद्यात आलीय. यादी मला कुठं दिसली नाही. आणि यादीत नाव असूनही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, पण दंड किती, तर 500 रुपयांपर्यंत. तेवढ्याचा तर तो माझ्याकडून चहा-नाश्ता करून गेला.

कुणाच्या घरी पोलिसांचा कागद आला तर आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखवा, किंवा 15100 ला फोन लावा. रोख देऊ नका. ठाण्यानं हाकललं तर तक्रार पोस्टानं एसपींना पाठवा, बीएनएसएस 173(4) खाली. मी पाठवलीय, पोच आली, उत्तर नाही. आता 175(3) खाली मॅजिस्ट्रेटपुढं जातोय.

तो अजून आवारातच फिरतो. पांढरा शर्ट, काखेत फायली. "काका, काय काम होतं?" म्हणत आला तर पहिल्यांदा सनद नंबर, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर मागा.