आर्ट फेस्टिव्हलचा स्टॉल बुक करताय? आधी हे वाचा

उघड्यावरच्या कला-प्रदर्शनांत स्टॉल लावणाऱ्या चित्रकार, शिल्पकार, सिरॅमिकवाल्या सगळ्यांनी हे वाचावं आणि आपल्या ग्रुपवर पाठवावं.

मी जलरंगात पुण्यातले जुने वाडे रंगवते. गॅलरीचं भाडं परवडत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच आमचा सुगीचा काळ. मुंबईचा काळा घोडा महोत्सव १९९९ पासून भरतोय, पण तिथे अर्ज ढिगाने आणि जागा मोजक्या. ज्यांना तिथे जागा मिळत नाही ते दुसरीकडे शोधत असतात. भामटे नेमके त्यांनाच गाठतात.

आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर एक सुबक माहितीपत्रक आलं. पुण्यातलं मैदान, तीन दिवस, सहा बाय सहाचा स्टॉल, नऊ हजार भाडं, निम्मे आगाऊ. सोबत 'गेल्या वर्षीच्या' गर्दीचे फोटो. ते काळा घोड्याचेच होते, हे नंतर कळलं. पैसे भरताना स्क्रीनवर संस्थेऐवजी एका माणसाचं नाव आलं. मी लगेच फोन केला. "अहो मॅडम, ट्रस्टचं खातं ऑडिटमुळे बंद आहे, खजिनदारांच्या खात्यावर घेतोय. पावती देतो ना!" पावती आलीही, शिक्क्यासकट. आठवड्याने स्टॉल नंबर आणि मैदानाचा नकाशा आला. मग 'वीज आणि मंडप' म्हणून उरलेली रक्कमही मागून घेतली.

त्या सकाळी मैदानाच्या फाटकाशी आम्ही बरेच जण टेम्पो घेऊन उभे. सांगलीहून आलेल्या एका ताईंनी मातीची भांडी पेंढ्यात भरून रात्रभर प्रवास केला होता. वॉचमन म्हणाला, "इथं आज लग्नाचा मंडप पडणार आहे, तुमचं काही नाही." फोन बंद. ताई टेम्पोच्या फाळक्यावर बसून राहिल्या. भाड्याचे पैसे एक वेळ विसरता येतील, पण फ्रेमिंग, टेम्पो आणि वर्षभर साठवलेला माल विकायचे ते तीन दिवस कोण भरून देणार? याचा मला अजूनही संताप येतो.

पावती नंतर नीट पाहिली. जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. त्यांचाही २७ नेच सुरू होत होता, फक्त अक्षरं चौदाच होती. जीएसटीच्या वेबसाइटवर कोणताही क्रमांक फुकट तपासता येतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मैदान ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं बुकिंगपत्र आणि पोलिस परवानगीची प्रत मागा. खरा आयोजक ती द्यायला कुरकुरत नाही. "परवानगी प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर आलं तर पैसे परवानगीनंतरच भरा. आणि यूपीआयवर दिसणारं नाव बँकेत नोंदलेलं असतं. ते संस्थेचं नसेल तर तिथेच थांबा.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढे वळते होण्याआधी कळवलं तर खात्यातली रक्कम गोठवता येते. आम्ही सगळ्यांनी मिळून तक्रार दिली आहे, भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८(४) खाली. तपास चालू आहे.

आता नाशिकच्या नावाने असंच एक पत्रक फिरतंय. मोबाइल नंबर वेगळा आहे, पण मैदानाचा नकाशा आम्हाला पाठवलेलाच आहे, स्टॉलच्या क्रमांकांसकट. नाशिककरांनो, कोणी आगाऊ रक्कम भरली असेल तर आजच बँकेला आणि १९३० ला कळवा, आणि पावती जपून ठेवा.