घोरण्याचं ऑपरेशन करून आठ महिने झाले

यंदा गणपतीत खानापूरच्या घरी पाव्हण्यांची गर्दी होती, आम्ही सगळे सोप्यात ओळीनं झोपलो. सकाळी चुलतवहिनींनी विचारलं, "भावजी, रात्री माडीवर झोपला होता काय?" मी त्यांच्या पोरांशेजारीच होतो. जानेवारीतल्या ऑपरेशनचा खरा निकाल मला तेव्हा कळला.

हे माझं दुसरं ऑपरेशन. चार वर्षांपूर्वी एका दवाखान्यात झोपेची तपासणी न करताच नाकाचं वाकडं हाड सरळ केलं. नाक मोकळं झालं, घोरणं होतं तसंच राहिलं. पैशापेक्षा ती चार वर्षं गेली याचं दुःख जास्त आहे. माझा अडकलेला श्वास परत सुरू होतोय का, हे बघत बायको रात्ररात्र जागायची.

बेळगावच्या दुसऱ्या डॉक्टरांनी आधी रात्रभराची स्लीप स्टडी केली. तासाला २७ वेळा श्वास अडत होता. ५ च्या आत असेल तर ठीक, १५ ते ३० म्हणजे मध्यम त्रास, त्यावर तीव्र. त्यांनी पहिल्यांदा सीपॅप मशीनच दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. दोन महिने प्रयत्न केला, पण मध्यरात्री झोपेतच मास्क काढून टाकायचो. मग गुंगीचं औषध देऊन दुर्बिणीनं घसा बघितला. टाळू आणि टॉन्सिलपाशी वाट मिटत होती, जिभेमागं मोकळी होती. म्हणून टॉन्सिल काढून टाळू आणि पडजिभेचं ऑपरेशन ठरलं. जिभेमागं अडत असतं तर एवढ्यानं भागलं नसतं. त्यासाठी जबडा पुढं घेण्यासारखी वेगळी ऑपरेशनं असतात. ही दुर्बिणीची तपासणी झाल्याशिवाय कुणीही टाळूला हात लावू देऊ नये, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगतो.

दुखणं मात्र सोपं नाही. तिसऱ्या दिवसापासून आठव्यापर्यंत थुंकी गिळताना कानापर्यंत कळ जायची. सुरुवातीला पाणी नाकातून परत यायचं. गार आंबील आणि मऊ दहीभात, एवढंच पोटात जायचं. पुढं एका लग्नात पानात मांडे आले, ते कोरडे टोचतील म्हणून दुधात भिजवून खाल्ले.

सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी केली, आकडा ९ आला. मधे माझं वजनही सहा किलो उतरलंय, तेव्हा सगळं श्रेय ऑपरेशनला देत नाही. घशात काहीतरी चिकटल्यासारखं अजून वाटतं, रात्री उशाला पाण्याचा तांब्या लागतो. उताणा झोपलो की थोडा आवाज येतो, म्हणून कुशीवर झोपायची सवय लावतोय. जानेवारीत परत दाखवायला जायचंय.