नागपुरात दोन दिवसांचा मुक्काम : गणेशपेठ, धंतोली की वर्धा रोड?

आमच्या वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याच्या खेड्यांतून नागपूर एसटीने दीड-दोन तासांवर आहे, त्यामुळे तेथे मुक्काम करण्याची गरजच काय, असे घरातील वडीलधारी माणसे विचारतात. मात्र गावाकडे येणारी मुक्कामी गाडी संध्याकाळी तालुक्याहून सुटते आणि ती गाठण्यासाठी नागपूर दुपारी तीन-चारलाच सोडावे लागते. मुलांना रमण विज्ञान केंद्र दाखवायचे, दीक्षाभूमीवर जायचे, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, लग्नाची खरेदी करायची आणि संध्याकाळी फुटाळा तलावावर बसायचे, तर ते एका दिवसात होत नाही. कापूस वेचून झाल्यावर किंवा उन्हाळ्याच्या सुटीत एक रात्र, फार तर दोन रात्री नागपुरात राहू इच्छिणाऱ्या कुटुंबासाठी ही तुलना आहे.

पहिला पर्याय मध्यवर्ती बसस्थानकाजवळचा, म्हणजे गणेशपेठ आणि कॉटन मार्केटच्या बाजूचा लॉज. हातात पिशव्या आणि सोबत लहान मुले असताना बसमधून उतरून थेट खोलीवर पोचता येणे ही मोठी सोय आहे. रमण विज्ञान केंद्र येथून जवळ आहे आणि कॉटन मार्केटच्या स्थानकावरून मेट्रोही मिळते. भाडे तिन्ही भागांत बहुधा येथेच सर्वांत कमी पडते. अडचण झोपेची आहे. कॉटन मार्केट हा भाजीचा ठोक बाजार असल्यामुळे पहाटेपूर्वीच भाजीच्या ट्रकची वर्दळ सुरू होते. आम्ही एकदा रस्त्याकडील खोली घेतली होती, तेव्हा आई रात्रभर अंथरुणावर जागी बसून राहिली आणि दुसऱ्या दिवशी तिला दीक्षाभूमीच्या पायऱ्याही चढवेनात. येथे राहायचे असल्यास खोली मागील बाजूची मागावी आणि पैसे देण्यापूर्वी खिडकी उघडून दोन मिनिटे थांबावे.

याच भागातील लॉजचा एक गुण मात्र फारसा कोणी लक्षात घेत नाही. अनेक जुन्या लॉजमध्ये चोवीस तासांचा हिशोब चालतो, म्हणजे दुपारी चारला खोली घेतली तर ती दुसऱ्या दिवशी चारपर्यंत आपली असते. याउलट नव्या हॉटेलांत दुपारी बाराला किंवा त्यानंतर खोली मिळते आणि दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास ती सोडावी लागते. समजा, एक कुटुंब दुपारच्या गाडीने चारला पोचले. लॉजचे भाडे 900 रुपये आणि हॉटेलचे 1100 रुपये आहे. फरक 200 रुपयांचाच दिसत असला, तरी हॉटेलवाल्या कुटुंबाला अकरापासून सामान सांभाळत फिरावे लागते, तर लॉजवाले कुटुंब दुपारी जेवून, मुलांना तासभर निजवून मग बसस्थानकावर जाते. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांकडे जातो, तेव्हा या पाच तासांचे मोल भाड्यापेक्षा अधिक असते. सकाळी नऊला पोचणाऱ्यालाही हाच हिशोब वेगळ्या प्रकारे लागू पडतो, कारण लॉजमध्ये त्याला लगेच खोली मिळते आणि हॉटेलात बारापर्यंत थांबावे लागते. म्हणून खोली ठरवताना भाड्याआधी "चेकआउट किती वाजता?" हे विचारावे आणि उत्तर पावतीवर लिहून घ्यावे.

दुसरा पर्याय सीताबर्डीला लागून असलेल्या धंतोली आणि रामदासपेठेचा. या दोन्ही वस्त्यांत रुग्णालये दाटीने असल्यामुळे तेथील लॉजना खेड्यांतून आलेल्या कुटुंबांची सवय असते. साधे जेवण जवळ मिळते, गरम पाण्याची व्यवस्था बहुधा असते आणि औषधाची दुकाने रात्रीही उघडी सापडतात. सीताबर्डी हे मेट्रोच्या दोन्ही मार्गांचे अदलाबदल स्थानक आहे, त्यामुळे बाजार पायी आणि बाकीचे शहर मेट्रोने, असा दोन दिवसांचा बेत येथून सहज बसतो. स्वतःची गाडी घेऊन येणाऱ्यांनी मात्र हा भाग टाळावा, कारण गाडी उभी करायला जागा मिळत नाही.

तिसरा पर्याय वर्धा रोडचा. छत्रपती चौकापासून विमानतळापर्यंत नवी हॉटेले आहेत. लिफ्ट, वाहनतळ आणि स्वच्छ न्हाणीघर यांची खात्री येथे अधिक असते. आपल्याकडची बस बुटीबोरीवरून याच रस्त्याने शहरात शिरते, म्हणून गणेशपेठेपर्यंत जाऊन परत येण्याचे कारण नाही. तथापि या रस्त्यावर 3.14 किलोमीटरचा दुमजली पूल आहे. खाली जुना रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो. बस उड्डाणपुलावर चढली की छत्रपती चौक खालीच राहतो, म्हणून गाडी कोठे थांबेल हे तिकीट काढतानाच वाहकाला विचारावे. बाजार येथून दूर पडतो आणि प्रत्येक फेरीला मेट्रो किंवा ऑटो लागतो.

अॅपवरून मिळणारा सदनिकेतील मुक्काम सहा-सात जणांच्या कुटुंबालाच परवडतो. स्वयंपाकघर मिळते, पण किल्ली देणारा माणूस वेळेवर येईलच असे नसते. रेल्वेने येणाऱ्यांना स्थानकावरील विश्रांती कक्षही घेता येतो, मात्र त्यासाठी तिकीट निश्चित किंवा आरएसी (बर्थऐवजी बसण्यापुरती जागा मिळालेले) असावे लागते. नातेवाइकांचे घर असल्यास एका रात्रीसाठी ते उत्तमच, परंतु त्यांच्या मुलांच्या परीक्षा सुरू नाहीत ना, हे आधी विचारायला हवे.

ऋतूचा विचार वेगळा करावा लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात कुलरची खोली पुरेशी थंड होते, पण टाकीत पाणी आहे का आणि मोटर ते वर ओढते का, हे स्वतः पाहावे. हात लावल्यावर वाळ्याची ताटी वरपासून खालपर्यंत ओली लागली पाहिजे. पावसाळ्यात तोच कुलर खोली दमट करतो आणि तेव्हा एसीचे जादा पैसे देणे योग्य ठरते. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन आणि दसऱ्याच्या सुमारास दीक्षाभूमीवरील धम्मचक्र प्रवर्तन दिन, या दोन्ही वेळी शहर भरलेले असते. त्या दिवसांत खोली आधी ठरवल्याशिवाय घरून निघू नये.

भाडे विचारताना जीएसटी धरून आकडा विचारावा. 22 सप्टेंबर 2025 पासून 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे, म्हणजे 1000 रुपयांच्या खोलीचे 1050 होतात. जादा गादीचे पैसेही तेव्हाच ठरवून घ्यावेत. ओळखपत्र प्रत्येक मोठ्या माणसाचे लागते. आधारची प्रत देताना पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी, ती आधारच्या संकेतस्थळावरून काढता येते.

माझा कौल असा की सोबत म्हातारे माणूस किंवा दोन लहान मुले असतील तर थोडे अधिक भाडे देऊनही धंतोली-रामदासपेठेत लिफ्ट असलेली किंवा तळमजल्यावरची खोली घ्यावी. दोघेच जण एका रात्रीपुरते जात असतील आणि दुपारी पोचणार असतील, तर गणेशपेठेतील चोवीस तासांच्या लॉजला तोड नाही. स्वतःची गाडी असेल तर वर्धा रोड, कारण तेथून सकाळी गर्दी होण्याआधी बुटीबोरी ओलांडून दहापर्यंत वावरात पोचता येते.