मोटरहोममधून मांजर न्यायचं की घरी ठेवायचं?

कुत्रा माणसाचा आणि मांजर घराचं, असं आपल्याकडे म्हणतात. मांजराला मोटरहोममधून, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतून, फिरवावं की नाही यावर वाद सुरू झाला की दोन्ही बाजूचे लोक हेच वाक्य पुढे करतात. मांजर घराचं, म्हणून त्याला घरातून हलवू नका, असं एका बाजूचं म्हणणं. दुसरी बाजू म्हणते, अहो, घरच बरोबर चाललंय, मग अडचण कसली? दोघांचंही काही चुकत नाही. मला विचाराल तर मांजर न्यायचं की नाही हे ठरवण्याआधी तुमची सहल किती पळापळीची आहे ते बघा. रोज संध्याकाळी नवी कॅम्पसाइट गाठायची असेल तर उत्तर वेगळं, आणि एकेका ठिकाणी आठवडाभर तळ ठोकायचा असेल तर वेगळं.

रोज नवा मुक्काम की एका जागी तळ?

मांजराची जागा वासाने ठरते. ते दाराच्या कडेला, टेबलाच्या पायाला, तुमच्या पोटरीला गाल घासतं तेव्हा तिथे आपला वास सोडून ती जागा आपली करत असतं. मोटरहोमच्या आत हे एकदा झालं की झालं. पण खिडकीबाहेरची कुत्री, शेजारच्या तंबूतली पोरं, रात्री वाजणारं दार हे सगळं प्रत्येक थांब्यावर नव्याने येतं. बहुतेक मांजरं पोहोचल्यावर पहिला दिवस पलंगाखाली काढतात. दुसऱ्या दिवशी खिडकीपाशी येतात आणि त्यानंतर कुठे ऐसपैस लोळायला लागतात. रोज गाडी हलवली तर मांजराच्या वाट्याला फक्त तो पहिला दिवसच येत राहतो.

याचा परिणाम नुसत्या रुसव्यावर थांबत नाही. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्लं नाही तर यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं, आणि जाडजूड मांजरांना हा धोका जास्त. ताणामुळे मूत्राशयाला सूज येते, ती वेगळीच. त्यात बोका असेल तर मूत्रमार्ग तुंबण्याची भीती असते. बोका सारखा लिटर बॉक्समध्ये (शी-शूच्या पेटीत) जाऊन बसतोय आणि लघवी होत नाहीये असं दिसलं तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री डॉक्टर गाठायचा. अनोळखी गावात रात्री जनावरांचा दवाखाना शोधणं सोपं नसतं, म्हणून प्रत्येक मुक्कामाजवळचा दवाखाना निघण्याआधीच शोधून ठेवावा.

म्हणजे लांब मुक्कामाची सहल असेल तर मांजराला जरूर बरोबर घ्या. रोजची धावपळ असेल तर मी मांजर घरी ठेवीन. याला अपवाद एकच: लहानपणापासून गाडीत वाढलेलं, इंजिन सुरू झालं तरी झोपमोड न होणारं मांजर.

घरी ठेवायचं तर कोणाकडे?

यात मला फारसा पेच वाटत नाही. रोज कोणीतरी घरी येऊन खाणंपिणं बघणार असेल तर बहुतेक मांजरांना ते बोर्डिंगपेक्षा, म्हणजे पाळीव जनावरं सांभाळणाऱ्या ठिकाणापेक्षा, मानवतं. माणूस बदलला तरी जागा तीच राहते. बोर्डिंगचा फायदा इतकाच की रोज औषध लागणाऱ्या किंवा आजारी मांजरावर तिथे लक्ष राहतं. बोर्डिंग निवडलंच तर कुत्र्यांपासून लांब, प्रत्येक मांजराला स्वतंत्र कप्पा असलेलं बघा. लसीकरणाचे कागद न मागणाऱ्या ठिकाणी ठेवू नका.

चालत्या गाडीत: मोकळं, हार्नेसला बांधून, की कॅरिअरमध्ये?

मांजर डॅशबोर्डवर पसरलंय आणि समोर रस्ता धावतोय, असे फोटो छान दिसतात. पण घाबरलेलं मांजर अरुंद आणि अंधारी जागा शोधतं, आणि चालकाच्या पायाखाली अशी जागा आयती मिळते. तिथेच ब्रेकचं पेडल असतं. शिवाय जोरात ब्रेक लागला की मोकळं मांजर सरळ पुढे फेकलं जातं. गाडी चालू असताना मांजर मोकळं सोडणं हा पर्याय माझ्या यादीतच नाही.

हार्नेस (छाती-पोटाभोवतीचा पट्टा) घालून सीटबेल्टला अडकवणं त्यापेक्षा बरं दिसतं, पण मांजर मागे सरकत सरकत हार्नेसमधून सुटून जातं. बाजारातले बहुतेक हार्नेस फिरवण्यासाठी बनवलेले असतात, अपघाताचा झटका पेलायला नाही.

उरतो कॅरिअर, म्हणजे मांजर न्यायची पेटी. कडक बाजूंचा, वरूनही उघडणारा, आणि पट्ट्याने सीटला किंवा जमिनीला पक्का बांधलेला. एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर तो ठेवू नका. मऊ कापडी कॅरिअर उचलायला सोपा असतो, पण आदळल्यावर चेपतो. लांब पल्ला असेल तर लिटरचा छोटा ट्रे मावेल असा मोठा पिंजरा जमिनीला जखडून ठेवणं सोयीचं. मात्र पिंजरा मोठा झाला की मांजर आतल्या आत आपटायची शक्यताही वाढते, त्यामुळे दोन-तीन तासांच्या टप्प्यांसाठी मी साधा कॅरिअरच पसंत करतो. एरवीही तो गाडीत उघडा ठेवून आत जुनी चादर घातली की मांजर दुपारची झोप तिथेच काढायला लागतं, आणि मग निघायच्या दिवशी पकडापकडी होत नाही.

तोंडातून लाळ, सतत ओरडणं, उलटी ही गाडी लागल्याची लक्षणं. निघण्याआधी तीन-चार तास खायला न दिल्याने बराच फरक पडतो. तरीही त्रास होत असेल तर डॉक्टरांशी बोला. उलटीसाठी मारोपिटंट आणि भीतीसाठी प्रवासाच्या दोन-तीन तास आधी द्यायचं गॅबापेंटिन आज सर्रास वापरतात. जुन्या पद्धतीची नुसती गुंगी आणणारी औषधं मांजराला गप्प करतात, पण त्याची भीती तशीच राहते. घरातली माणसांची कोणतीही गोळी देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषासमान आहे. मांजराच्या चेहऱ्याच्या गंधासारखा फेरोमोन (खुणेचं गंधद्रव्य) असलेला फेलिवेसारखा स्प्रे कॅरिअरमध्ये पंधरा मिनिटं आधी मारून बघायला हरकत नाही. काही मांजरांवर तो चालतो, काही ढिम्म असतात.

छोटी व्हॅन की मोठं मोटरहोम?

माणसाला मोठी गाडी आवडते. मांजराच्या दृष्टीने मात्र मोठी म्हणजे जास्त भोकांची. सिंकखालचे पाइप, ड्रॉवरच्या मागची पोकळी, हीटरच्या नळ्या जातात ती जागा; एकदा आत शिरलं की फळ्या खोलाव्या लागतात. सगळ्यात धोकादायक म्हणजे भिंत बाहेर सरकवणारा स्लाइड-आउट. त्याच्या यंत्रणेत मांजर चिरडू शकतं. मांजर कॅरिअरमध्ये डोळ्यांनी दिसल्याशिवाय स्लाइडच्या बटणाला हात लावायचा नाही. छोट्या व्हॅनमध्ये लपायला जागा कमी, त्यामुळे निघताना शोधाशोध कमी. तिची अडचण दाराची आहे. मोठं सरकतं दार उघडलं की समोर थेट मैदान. मोठ्या गाडीत निदान पुढचा भाग पडद्याने वेगळा करता येतो.

लिटर बॉक्ससाठी दोन्हीकडे शॉवरची जागाच उत्तम. गोळे होणारी बेंटोनाइट मातीची लिटर (पेटीतली भर) गाडीच्या टॉयलेटमध्ये कधीच टाकू नका. ती टाकीत फुगून बसली की उपसायला तुम्हालाच बसावं लागेल.

कॅम्पसाइटवर बाहेर सोडायचं का?

मोकळं तर नाहीच. घराच्या अंगणात भटकून परत येणारं मांजर इथेही येईल असं धरून चालू नका, कारण परतायची खूण असलेला वास इथे पसरलेलाच नसतो. शिवाय बऱ्याच कॅम्पसाइटवर पाळीव जनावर पट्ट्याला बांधलेलंच असावं असा नियम असतो.

उरतात दोन मार्ग: हार्नेस आणि पट्टा, किंवा जाळीचा घडीचा तंबू. धीट मांजराला पट्टा आवडतो, पण त्याला आधी घरात आठवडेच्या आठवडे सवय करावी लागते. शरीर आणि हार्नेस यांत दोन बोटं जातील इतकाच तो सैल हवा. पट्टा बांधून तुम्ही आत चहा करायला जायचं नाही. समोर कुत्रा आला की मांजर जाणार झाडावर किंवा गाडीखाली, आणि पट्टा अडकणार. भित्र्या मांजराला गाडीच्या दाराशी जोडलेला जाळीचा तंबू मानवतो, कारण मागे हटायला जागा असते. आणखी एक, शेजारच्या कुत्र्याला नुकतंच गोचीड-पिसवांचं औषध लावलं असेल तर मांजर लांब ठेवा. कुत्र्यांच्या अनेक औषधांतलं परमेथ्रिन मांजराला विषारी असतं.

मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली क्रमांकाची चिप) असली म्हणजे मांजर सापडेल असं अनेकांना वाटतं. चिपमध्ये जीपीएस नसतं. कोणीतरी मांजर पकडून स्कॅनर फिरवला तरच क्रमांक कळतो, आणि तुमचा फोन नंबर नोंदणीत अद्ययावत असेल तरच तो क्रमांक उपयोगाचा. ब्लूटूथवर चालणारा टॅग आसपासच्या लोकांच्या फोनवर विसंबतो; गर्दीच्या कॅम्पसाइटवर ठीक, आडरानात निकामी. जीपीएस ट्रॅकरला मोबाइलची रेंज लागते आणि बॅटरी भरावी लागते. तिन्हींतून एकच घ्यायचं तर चिप, कारण तिला ना पट्टा लागतो ना चार्जिंग. मांजर सुटलंच तर लगेच दूरवर धावू नका. हरवलेली बहुतेक मांजरं निसटल्या जागेपासून 500 मीटरच्या आतच सापडतात, आणि बरीचशी जवळच्या झुडपात गप्प बसलेली असतात. रात्री टॉर्च घेऊन गाड्यांखाली बघा, डोळे चमकतात. ते सापडेपर्यंत मात्र गाडी जागची हलवायची नाही.

तुम्ही दिवसभर फिरायला गेलात तर?

बरोबर न्यायच्या बाजूला खरी खोट इथे आहे. बाहेर जेमतेम 22 अंश असले तरी उन्हातल्या बंद गाडीत तासाभरात पारा चाळिशीपार जातो. मोटरहोमला एसी असतो, पण तो कॅम्पसाइटच्या विजेवर चालतो, आणि ब्रेकर पडला की ती वीज जाते. तापमान वाढलं की फोनवर कळवणारं यंत्र मिळतं. तुम्ही तासाभराच्या अंतरावर डोंगरात असाल तर तो संदेश वाचून करणार काय? उन्हाळ्यात दिवसदिवस भटकायचा बेत असेल तर मांजर घरीच बरं. थंड हवेत, किंवा गाडीपाशीच बसून वाचायचा बेत असेल तर न्या.

सीमा ओलांडणार असाल तर कागदांचा वेळ वेगळा धरा. युरोपीय संघात मांजराला आधी मायक्रोचिप, मग वयाच्या 12 आठवड्यांनंतर रेबीजची लस, आणि पहिल्या लसीनंतर 21 दिवस थांबणं असा क्रम आहे. लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस धरत नाहीत.

अजूनही ठरत नसेल तर गाडी घराजवळच उभी करून मांजरासकट एक रात्र आत झोपा. मग थोडा वेळ इंजिन चालू ठेवा, मग गल्लीत एक फेरी, मग जवळच्या कॅम्पसाइटवर दोन रात्री. दुसऱ्या रात्री ते जेवलं आणि लिटर बॉक्स वापरला तर पुढचं बुकिंग करा. पलंगाखालून बाहेरच आलं नाही तर घरी येऊन बघणारा माणूस शोधायला लागा.