लंडनचा व्हाइट टॉवर घडवणारा लाकडी जोडसंच

ठाण्याच्या नौपाड्यात हस्तकलेचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात लंडनच्या व्हाइट टॉवरचा, म्हणजे टॉवर ऑफ लंडन या किल्ल्यातील मुख्य मनोऱ्याचा, लाकडी जोडसंच मिळतो. मुलीच्या मदतीने तो नुकताच पूर्ण केला. मध्ययुगीन कोट शत्रूला नेमका कसा अडवत असे, हे समजून घेण्यासाठी इतके चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही.

१०६६ मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर लंडनवर वचक राहावा म्हणून विल्यम राजाने हा मनोरा उभारायला घेतला. १०७०च्या दशकात सुरू झालेल्या या कामावर रॉचेस्टरचा बिशप गंडल्फ याची देखरेख होती आणि ११००पर्यंत ते पुरे झाले. मनोऱ्याची उंची सुमारे २७ मीटर असून पायथ्याशी भिंती साडेचार मीटर जाड आहेत. वर जाताना ही जाडी कमी होत जाते, आणि संचातही खालच्या भिंतीला तीन पदरी फळी व वरच्या भिंतीला दोन पदरी फळी देऊन ती दाखवली आहे.

संचाचे खरे यश मात्र दाराच्या मांडणीत आहे. रायगडाचा महादरवाजा दोन भक्कम बुरुजांच्या आड वळणात दडवलेला आहे. व्हाइट टॉवरचे दार तर जमिनीलगत नाहीच, ते दक्षिणेच्या भिंतीत पश्चिम टोकाकडे एक मजला वर आहे आणि तेथवर जाणारा बाहेरचा जिना लाकडी, म्हणजे प्रसंगी काढून टाकता येईल असा होता. आत शिरल्यावरही शत्रूला वाट सोपी नव्हती, कारण वर जाणारा मुख्य चक्री जिना अगदी समोरच्या, ईशान्येच्या गोल बुरुजात आहे. तेथे पोचायचे तर पश्चिमेचे मोठे दालन ओलांडून, मधल्या जाड आडभिंतीतून पूर्वेच्या दालनात जावे लागते. छत बसवण्यापूर्वी हा तिरका मार्ग बोटाने फिरून पाहावा. पुस्तकातल्या नकाशावरून हे इतके स्पष्ट होत नाही.

सोबतची माहितीपुस्तिका मात्र निराशा करते. तिच्यात दर्शनी भागावरच्या रुंद खिडक्या मूळच्या असल्याचे छापले आहे. प्रत्यक्षात अठराव्या शतकाच्या सुरुवातीला वास्तुविशारद ख्रिस्तोफर रेनच्या काळात त्या मोठ्या करण्यात आल्या. अरुंद झरोके आणि रुंद खिडक्या यांत संरक्षणाच्या दृष्टीने जमीनअस्मानाचा फरक असल्यामुळे ही चूक मला किरकोळ वाटत नाही. तसेच मूळचे उतरते छप्पर उंच भिंतींच्या आड दडलेले होते आणि सपाट छत १४९०च्या सुमारास आले, याचाही पुस्तिकेत उल्लेख नाही.

रंग संचात येत नाहीत. इंग्लंडचा राजा तिसऱ्या हेन्रीने १२४० मध्ये मनोऱ्याला चुन्याची सफेदी करवली होती, तेव्हा पांढरा रंग स्वतंत्रपणे घ्यावा. दिवाळीत सोसायटीच्या आवारात मातीचा किल्ला करणाऱ्या, दहा वर्षांपुढील मुलांना हा संच जमेल, परंतु चक्री जिन्याच्या पायऱ्या फार बारीक असल्याने तेथे मोठ्यांनी हात द्यावा. ठाण्याच्या पावसाळी हवेत फळ्या किंचित फुगतात. म्हणून खाचांवर आधी पॉलिशपेपर फिरवावा आणि गोंद सर्व भाग एकदा कोरडेच बसवून पाहिल्यानंतरच लावावा.